दार लावा कुणीतरी

गुरुवारी खोकं आलं. पंचवीस तबकड्या,
संत्र्याच्या सालीच्या रंगाच्या, आरपार दिसणाऱ्या.
जुन्या गाण्याचे चार नवे रिमिक्स.
कव्हरवर तीच ती सोनेरी केसांची मुलगी,
चौऱ्याऐंशी सालची, ओठ किंचित उघडे,
टीव्हीवर हलवायची तसे.

आवाज तिचा नव्हता, हे फोर्लीत सगळ्यांना ठाऊक.
आवाज माझ्या समोरच्या दुकानातला,
बटणं, लेस, इलॅस्टिक विकणाऱ्या दिल्वाचा.
चाळीस हजार लिरा रोख, वर बसचं भाडं.
इंग्रजी येत नव्हतं तिला. कुणीतरी कागदावर
नुसते उच्चार लिहून दिले,
तिने ते पाटीवर गिरवावेत तसे गिरवले.
आपण काय गातोय हे विचारलं नाही,
नंतरही कुणी सांगितलं नाही.
"एका शब्दाला मी कितीतरी महिने
भाजीचं नाव समजत होते," एवढंच एकदा म्हणाली.

मूळ टेप सापडली रावेन्नाच्या एका गॅरेजात,
स्कीच्या बुटांखाली. चिकट झालेली,
वाजवली तर सोलून निघेल अशी.
तोबिया नावाच्या पोराने,
तेव्हा जन्मलाही नव्हता तो,
ती मंद आचेवर शेकली. आठ तास,
आईच्या जर्दाळू सुकवायच्या यंत्रात.
आई म्हणे तासातासाला येऊन वास घेऊन जायची.

पहिला रिमिक्स मला कळला नाही.
सगळा बास. वरच्या मजल्यावर कपाट सरकवतायत,
आणि वरचा मजला आपली छाती.
दुसरा इतका लांबवलाय
की मी कॉफी करून आलो, गाणं तिथंच उभं.
तिसरा बरा. तिसरा खपेल.

चौथ्यासाठी दिल्वाला हाक मारली.
आली तशीच, गळ्यात मापाची टेप,
"गिऱ्हाईक आहे रे, निळा दोरा शोधतंय, दोनच मिनिटं."

सुई टेकली.
आधी नुसती एका तळघराची शांतता,
चाळीस हिवाळ्यांपूर्वीची.
मग श्वास. गाण्याआधी ती घ्यायची तो,
तेव्हा सगळ्या वाद्यांखाली पुरलेला.
श्वास, ठोका. श्वास, ठोका.
आणि दोन टेकच्या मध्ये कधीतरी,
आपल्या इथल्या बोलीत, सव्वीस वर्षांची, वैतागलेली:
दार लावा कुणीतरी, पाय गारठलेत.

पोराने नेमकं हेच उचललंय.
सात मिनिटं हेच फिरतं.
दार लावा. दार लावा कुणी,
पाय, पाय, पाय गार,
दार.
येत्या उन्हाळ्यात रिमिनीच्या किनाऱ्यावर
घामाने निथळणारी परदेशी पोरं
हात वर करून हे ओरडतील,
जमेल तशा उच्चारांत.

मला वाटलं, ती रडेल.
रुमाल कुठे आहे ते मी पाहूनही ठेवलं होतं.
ती मापाच्या टेपचं टोक बोटाला
गुंडाळत होती, सोडवत होती.
"मोजे ओले होते," म्हणाली.
"बाहेर बर्फाचा चिखल, आणि तो निर्माता,
देव त्याचं भलं करो,
सिगारेटला गेला की दार सताड टाकायचा."
थोड्या वेळाने: "लावलं नाहीच कुणी."

मी एक प्रत पुढे केली. नको म्हणाली,
घरात फिरणारं चाक शिलाई मशीनचं तेवढं.
तरी चष्मा कपाळावर चढवून मागची बाजू वाचली,
छापणारा, कापणारा, चित्रवाला, तोबिया.
अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
आवाज, आणि पुढे त्या सोनेरी मुलीचं नाव.
एप्रनच्या खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला,
जरा वेळ हातात धरला,
परत ठेवला. "दोरा," म्हणाली, आणि निघाली.

एरवी माझं दार उघडंच टाकून जाते ती,
रोज त्यावरून आमचं वाजतं.
आज बाहेरून ओढून घेतलं. कडी बसल्याचा आवाज आला.
आत तबकडीवर
ती अजून सांगतच होती.